गावाच्या नावाचा सातबारा

श्रीलंकेच्या उत्तरेला मुल्लैतीवू जिल्ह्यात एक टेकडी आहे. सिंहली लोक तिला कुरुंदी म्हणतात, तमिळ लोक कुरुंदूरमलै. टेकडीवर एका प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत आणि आसपासचे तमिळ शेतकरी तिथे अय्यनार या ग्रामदैवताची पूजा करतात. २०२१ मध्ये तिथे उत्खनन सुरू झाल्यापासून हा वाद न्यायालयात, संसदेत आणि भिक्षू-पुजाऱ्यांच्या निदर्शनांत गाजतो आहे. त्यात पुन्हा पुन्हा पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे नाव. ‘कुरुंदी’ हे आमचे, म्हणून टेकडी आमची. ‘कुरुंदूर’ हे आमचे, म्हणून टेकडी आमची. या गदारोळात एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे या शब्दाचा अर्थ काय? तमिळमध्ये कुरुंदु हे रानलिंबाच्या जातीचे एक काटेरी झाड. सिंहलीत कुरुंदु म्हणजे दालचिनी, पण दालचिनी बेटाच्या ओल्या नैर्ऋत्य पट्ट्यात होते, मुल्लैतीवूच्या कोरड्या रानात नाही. पालीत कुरंडक नावाचे एक फुलझाड आहे, ज्याचा संस्कृत भाऊ कुरंटक आपल्याकडे कोरांटी होऊन कुंपणावर बसला आहे. कोणतीही व्युत्पत्ती धरली तरी आपण एका झाडाशीच येऊन थांबतो. ज्याने हे नाव ठेवले त्याने आपला वंश नोंदवला नव्हता. समोर जे उगवले होते ते सांगितले होते.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. सिंहली गावांच्या नावांवरून चाललेली ही चर्चा मुळातच चुकीच्या पायावर उभी आहे, कारण तीत गावाचे नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे वाचले जाते. नाव हा साक्षीदार आहे, आणि चांगला साक्षीदार आहे; पण तो जमीन, पाणी, झाडे आणि कष्ट यांच्याविषयी साक्ष देतो. मालकीविषयी त्याला विचारणे म्हणजे पाटकऱ्याला वारसाहक्काच्या दाव्यात उभे करणे.

सिंहली गावनावांची घडण पाहिली म्हणजे हे सहज लक्षात येते. बहुतेक नावे दोन तुकड्यांची असतात. शेवटचा तुकडा भूमीचा प्रकार सांगतो, पहिला तिची खूण. गम म्हणजे गाव. ग्रामापासून आपले गाव झाले, त्यांचे गम. वेल म्हणजे भातखाचरांचा सलग पट्टा, पिटिय म्हणजे मोकळा माळ, कंद म्हणजे डोंगर, गल म्हणजे खडक, ओय म्हणजे लहान नदी, दूव म्हणजे बेट, हेन म्हणजे रान जाळून केलेली कुमरीची शेती. गोड म्हणजे उंचावरची कोरडी जागा. तिचा जोडीदार शब्द मड, म्हणजे चिखल. आजही श्रीलंकेतल्या जमिनीच्या व्यवहारात वरकस जमिनीला गोड आणि भातजमिनीला मड म्हणतात. तोट म्हणजे नदीचा उतार किंवा बंदर. हा शब्द तीर्थापासून आला, आणि तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थही पाण्यात उतरण्याची जागा हाच होता, हे आपण पुण्याच्या नादात विसरलो आहोत. देणिय म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधला खोलगट, ओलसर, भाताजोगा पट्टा. पाली ग्रंथकारांनी दंबदेणिय या राजधानीचे नाव जंबुद्दोणि असे लिहिले. दंब म्हणजे जांभूळ, देणिय म्हणजे द्रोणी. गोठ्यापुढे जी दगडी डोण असते, तिचा आकार डोळ्यांपुढे आणला की ही जमीन कशी असेल हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

नावातल्या खुणा बहुतांशी झाडांच्या. नुगेगोडमध्ये वड आहे, कारण न्यग्रोधाचा नुग झाला. कोसगममध्ये फणस, दिवुलपिटियमध्ये कवठ, सियंबलांडूवमध्ये चिंच, पोलगहवेलमध्ये नारळाचे झाड. वेलिगम म्हणजे वाळूचे गाव. गंपह म्हणजे पाच गावे, इतके सरळ. राजे, विजय, पराक्रम यांची नावे राजधान्यांना मिळाली आणि राजधान्यांबरोबर बरीचशी विस्मरणात गेली; वड आणि फणस टिकले.

कोरड्या प्रदेशात, म्हणजे अनुराधपूरच्या भोवती, या सगळ्यांवर एक शब्द राज्य करतो: वेव, म्हणजे बांध घालून केलेला तलाव. संस्कृत वापीपासून तो आला. कोकणात विहिरीला बाव म्हणतात, तीही याच कुळातली. एका जुन्या गावाची रचना जवळून पाहा. वरच्या अंगाला वारा अडवणारी झाडांची रांग, तिला गसगोम्मन म्हणतात. मग तलाव, मग मातीचा बांध. बांधाच्या खाली झाडाझुडपांचा एक ओलसर पट्टा, कट्टकडुव, जो पाझरातला क्षार शोषून घेतो. त्याखाली भातखाचरे, आणि बाजूच्या उंचवट्यावर दाटीने वसलेली घरे, म्हणजे गंगोड. एका तलावाचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्यात, अशा या साखळीची २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारसा म्हणून नोंद केली. अशा ठिकाणी गाव आणि तलाव यांना दोन वेगळी नावे असायचे कारणच नसते. गलेनबिंदुणुवेव हे त्यातलेच एक नाव. त्याचा अर्थ खडकापाशी फुटलेला तलाव. एका गावाने आपली आपत्तीच नाव म्हणून लावून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या मिरवली. यात वंशाभिमान कुठे शोधायचा?

अर्थात, नावांचे अर्थ लावण्यात फसगतही पुष्कळ होते आणि या वादातले दोन्ही पक्ष त्या फसगतीवर जगतात. पेरादेणियचे नाव सर्रास ‘पेरूची देणिय’ असे सांगितले जाते, कारण आजच्या सिंहलीत पेर म्हणजे पेरू. पण पेरू हे अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आलेले फळ. आणि राजा विक्रमबाहू तिसरा याने १३७१ च्या सुमारास पेरादेणियला दरबार भरवला, असे तिथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाच्या इतिहासात सांगतात. हे खरे असेल तर फळ येण्याआधीच त्याच्या नावाचे गाव वसले होते, असे मानावे लागेल. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज जवळजवळ वीस वर्षे कँडीच्या राज्यात कैदेत होता. १६८१ मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात त्याने कोलंबोची कथा दिली आहे: तिथे एक आंब्याचे झाड होते, त्याला फळे न येता नुसती पानेच येत, म्हणून पानाचा ‘कोळ’ आणि आंब्याचा ‘अंब’ मिळून कोळंब, आणि ख्रिस्ती लोकांनी त्याचे कोलंबसाच्या सन्मानार्थ कोलंबो केले. मात्र कोलंबस जन्मायच्या शंभर वर्षे आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता या शहराला कलंबू म्हणून गेला होता. दक्षिणेतल्या गाल या बंदराच्या नावात पोर्तुगीजांना आपला ‘गालो’, म्हणजे कोंबडा, ऐकू आला आणि पुढे डचांनी किल्ल्याच्या दरवाजावर १६६९ च्या शिल्पात खरोखरच कोंबडा कोरला. कानाला जे ओळखीचे वाटले ते दगडात उतरले, आणि दगडात उतरले म्हणून खरे मानले गेले. हे हास्यास्पद वाटत असेल, तर आज ‘या तमिळ नावाखाली मुळात आमचा शब्द आहे’ असे म्हणणारे याहून वेगळे काय करतात?

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य केला पाहिजे. उत्तर टोकाच्या तमिळबहुल जाफना द्वीपकल्पात अशी नावे आहेत, जी तमिळच्या अंगाने नीट उलगडत नाहीत आणि सिंहलीच्या अंगाने उलगडतात. १९१६ मध्ये बी. हॉर्सबर्ग या ब्रिटिश अधिकाऱ्याने अशा नावांवर लेख लिहिला, आणि तेव्हापासून ही यादी वाढत गेली आहे. वलिकामम आणि दक्षिणेतले वेलिगम यांची जोडी नजरेत भरते. कोडिकामम, मल्लाकम यांच्या शेवटी ग्रामाचा अवशेष दिसतो. ‘नंपोत’ नावाची बौद्ध तीर्थस्थळांची जुनी सिंहली यादी आहे, जी पारंपरिक पाठशाळांत मुले वाचन शिकताना गिरवीत. तीत कंदरोडैला कदुरुगोड, नैनातीवूला नागदिवयिन म्हटले आहे. कंदरोडैला लहान स्तूपांचा जो समूह आहे तो कोणी कल्पनेने उभारलेला नाही. वल्लिपुरमला १९३६ मध्ये सोन्याचा पत्रा सापडला. दुसऱ्या शतकातल्या त्या लेखात नागदीपावर अमात्य इसिगिरय याचा अधिकार असल्याचे आणि एक विहार बांधल्याचे प्राकृतात लिहिले आहे. हे सर्व ‘सिंहली प्रचार’ म्हणून उडवून लावणारे तमिळ लेखक आपल्याच बाजूचे नुकसान करतात, कारण पुरावा नाकारणाऱ्याचे पुढचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

पण या पुराव्यातून नेमके काय सिद्ध होते? नंपोतच घ्या. तीत ही स्थळे ज्या प्रदेशात सांगितली आहेत त्याला ती यादी ‘दमिळ पट्टन’ म्हणते. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधाराने जाफना तमिळांचे नव्हते असे सांगायचे, तोच ग्रंथ त्या भागाला तमिळांचा प्रदेश म्हणतो. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटली नाही. विसंगती आपल्याला वाटते, कारण ‘बौद्ध’ आणि ‘सिंहली’ हे दोन शब्द आपण एकच धरून चाललो आहोत. ते एक नव्हते. तमिळ महाकाव्य मणिमेकलै हे बौद्ध काव्य आहे. अनुराधपूरमध्ये एका खडकावर ब्राह्मीत कोरलेला लेख तमिळ गृहपतींच्या बैठकीचा आहे आणि त्याची भाषा प्राकृत आहे. वावुनिया जिल्ह्यातल्या पेरियपुलियंकुळमच्या गुंफेत विशाख नावाच्या तमिळ व्यापाऱ्याने केलेल्या दानाची नोंद आहे, तीही प्राकृतात. इसवी सनापूर्वीच्या शतकांतले हे लोक स्वतःला ‘दमेड’, म्हणजे तमिळ म्हणवत होते, बौद्ध संघाला दान देत होते आणि प्राकृतात कोरून घेत होते. लेख प्राकृत म्हणून लिहवणारा सिंहली, असे ज्याला सरळ वाटते त्याने या दोन शिळांसमोर क्षणभर थांबावे. जे शिलालेखाला लागू, ते गावाच्या नावाला लागू का नाही?

शिवाय हा तर्क उलटाही चालवून पाहावा. पुलियंकुळम हे नाव निखळ तमिळ आहे: पुळि म्हणजे चिंच, कुळम म्हणजे तलाव. याच नावाची जागा खुद्द अनुराधपूरला आहे, सिंहली बौद्धांच्या पवित्र नगरीच्या कुशीत, आणि तिथे एका मोठ्या प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष पसरले आहेत. नाव म्हणजे मालकी, हा नियम खरा असेल तर हा विहार तमिळांच्या नावे करून द्यावा लागेल. तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. तेराव्या शतकानंतर तो प्रदेश ओस पडला, रान वाढले, विहाराचे पाली नाव सांगणारे कोणी उरले नाही; पुढे जे आले त्यांना चिंचेखालचा तलाव दिसला. नाव बदलायला दरवेळी आक्रमणच व्हावे लागते असे नाही. कधी विस्मरणही पुरेसे होते. इंग्लंडच्या पूर्व भागात व्हिटबी, ग्रिम्सबी, डर्बी अशी ‘बी’ने संपणारी गावे शेकड्यांनी आहेत, आणि हा ‘बी’ डेन्मार्कहून आलेल्या लोकांचा आहे हे शाळकरी पोराला ठाऊक असते. म्हणून कोपनहेगनने यॉर्कशायरवर हक्क सांगितल्याचे कोणी ऐकले आहे काय?

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, आणि तो तमिळ बाजूने येतो. तो असा: नावाला मालकीशी काही देणेघेणे नाही, हे तुमचे तत्त्वज्ञान ज्याचे गाव शाबूत आहे त्याला परवडते. उत्तरेकडच्या मणल आरूचे काय? मणल म्हणजे वाळू, आरू म्हणजे नदी. १९८४ मध्ये त्या भागातल्या तमिळ कुटुंबांना गावे सोडायला लावली, सिंहली वसाहती आल्या, आणि १९८० च्या दशकातच प्रदेशाचे अधिकृत नाव वेलि ओय झाले. वेलि म्हणजे वाळू, ओय म्हणजे नदी. अर्थाचा एक कणही हलला नाही. माणसे तेवढी हलवली गेली. याला तुम्ही भाषेचा नैसर्गिक प्रवाह म्हणणार काय?

मुळीच नाही. तरीही माझी भूमिका या उदाहरणाने मोडत नाही. उलट तिची गरज इथेच जास्त जाणवते. मणल आरूच्या लोकांचा हक्क त्यांच्या गावाचे नाव तमिळ होते म्हणून नव्हता. ते तिथे राहत होते, नांगरत होते, घरपट्टी भरत होते, म्हणून होता. उद्या कोणी संशोधकाने सिद्ध केले की बाराव्या शतकात त्या नदीला वेलि ओयच म्हणत, तर ती हकालपट्टी योग्य ठरेल काय? नावाच्या प्राचीनतेवर आपला दावा टांगणारा तमिळ कार्यकर्ता नकळत हीच अट कबूल करतो: जो अधिक जुना शब्द दाखवील, त्याची जमीन. या स्पर्धेत राज्ययंत्रणा, पुरातत्त्व खाते आणि गॅझेट ज्याच्या हाती, तो नेहमीच अधिक जुना शब्द दाखवील. २०२० मध्ये पूर्व प्रांताच्या पुरातत्त्वीय वारशासाठी राष्ट्राध्यक्षांनी कृतिदल नेमले. त्याचे अध्यक्षपद संरक्षण सचिवाकडे होते आणि आरंभीच्या सदस्यांत एकही तमिळ किंवा मुस्लिम नव्हता. ज्या प्रांतात हे दोन समाज मिळून बहुसंख्य आहेत, त्या प्रांतासाठी. पुरातत्त्वाचे काम संरक्षण खात्याकडे कधी सोपवले जाते, हे सांगायला भाषाशास्त्र लागत नाही.

युरोपात हा खेळ याआधी झालेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल हा जर्मनभाषक प्रदेश इटलीला मिळाला, तेव्हा एत्तोरे तोलोमेई या इटालियन राष्ट्रवाद्याने हजारो गावे, डोंगर, ओढे यांना इटालियन नावे तयार करून ठेवलेलीच होती, आणि १९२३ मध्ये सरकारने ती सक्तीची केली. त्याचा युक्तिवाद काय होता? जर्मन नावांच्या तळाशी मूळ लॅटिन आहे, आम्ही फक्त ते वर काढतो आहोत. काही नावांबाबत ते खरेही होते. खऱ्या व्युत्पत्तीच्या जोरावर केलेला अन्याय हा खोट्या व्युत्पत्तीच्या जोरावर केलेल्या अन्यायापेक्षा कमी ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल की नावांचे भाषांतर श्रीलंकेत नवे नाही, भिक्षूंनी दीड हजार वर्षांपूर्वीच ते केले. खरे आहे. महावंस या पाली इतिहासग्रंथात काळावेव काळवापी होते, सीगिरिय सीहगिरि होते. कुरुणेगलला पाली ग्रंथ हत्थिसेलपुर म्हणतात. पण पालीत लिहिणाऱ्या भिक्षूने गावकऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेतला नव्हता. तो ग्रंथात काळवापी लिहीत राहिला, शेतकरी काळावेवच म्हणत राहिला, आणि अखेर शेतकऱ्याचाच शब्द टिकला. आजचा फलक, आजचा जन्मदाखला आणि आजचे गॅझेट यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे लिहिलेले नावच मान्य होते आणि बोललेले नाव हळूहळू चुकीचे ठरते. म्हणून माझा आक्षेप भाषांतराला नाही. एका नावाने दुसरे पुसून टाकण्याला आहे.

आणि दोन नावे शेजारी नांदू शकतात, याचे दाखले श्रीलंकेत पावलोपावली आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआला सिंहली लोक मडकलपुव म्हणतात, तमिळ लोक मट्टक्कळप्पु. सिंहलीत मड म्हणजे चिखल आणि कलपुव म्हणजे खाजण. तमिळमध्येही कळप्पु तेच, फक्त पहिल्या तुकड्याचा अर्थ काही जण ‘सपाट’ असा लावतात. कोणी कोणाकडून घेतले यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. त्या खाजणाच्या काठी उभे राहिले की पाणी सपाटही दिसते आणि चिखलाचेही, ही गोष्ट त्या पानांत कुठेच येत नाही. कोलंबोतल्या न्यायालयांच्या भागाला डचांनी आपल्या सेनापतीवरून हुल्फ्ट्सडॉर्प म्हटले. सिंहली त्याला अलुत्कडे म्हणतात, तमिळ पुदुक्कडै, आणि दोन्हींचा अर्थ नवा बाजार. कोलंबोतल्या ज्या भागाला इंग्रजांनी पेट्टा म्हटले तो शब्द तमिळ पेट्टै, आपली पेठ. सिंहलींनी मात्र त्याचे पिटकोटुव, म्हणजे कोटाबाहेरचा भाग, असे आपल्यापुरते अर्थपूर्ण नाव केले. (राजकीय योगायोगही या बेटावर कमी नाहीत. कोलंबोजवळच्या कोट्टेचे श्री जयवर्धनपुर हे नाव मध्ययुगीन आहे. पण १९८२ मध्ये तिथे संसद नेली ती जयवर्धने नावाच्या राष्ट्राध्यक्षांनी, आणि जुन्या नावाला नवा वास आला तो आलाच.)

आता एक सोयीस्कर पळवाट मलाही बंद केली पाहिजे. ‘सगळेच मिश्र आहे, तेव्हा वाद कशाला’ असे म्हणणे छान वाटते, पण ते आळशीपणाचे आहे. सगळी नावे मिश्र नसतात. काही स्पष्टपणे सिंहली आहेत, काही स्पष्टपणे तमिळ, हंबनतोटसारख्या काहींत मलायी लोकांच्या सांपान होड्या नांगरलेल्या आहेत, आणि काहींच्या तळाशी या सर्वांहून जुने असे काही असावे. सिंहली गावनावांत अतिशय रुळलेला गल, म्हणजे खडक, हा शब्द घ्या. त्याचे मूळ ना संस्कृतात नीट लागते ना तमिळमध्ये, म्हणून काही भाषाशास्त्रज्ञ तो वेद्दांच्या, म्हणजे बेटावरच्या आदिवासींच्या, किंवा त्यांच्याही आधीच्या रहिवाशांच्या बोलीतला मानतात. तसे असेल तर ‘मूळ मालक कोण’ या शर्यतीत धावणारे दोघेही उशिरा पोहोचले आहेत. अभ्यास करायचाच असेल तर तो नावानावाने करावा लागतो: सर्वांत जुने लिखित रूप कोणते, शिलालेखात काय आहे, जमीन त्या अर्थाशी जुळते का, तिथे ते झाड वाढते का, आणि अर्थ सांगणारा माणूस आजच्या कानाने ऐकतो आहे का. सुमारे चौदा हजार ग्राम निलधारी विभाग, म्हणजे गावपातळीवरचे प्रशासकीय विभाग, असलेल्या देशात हे काम कंटाळवाणे आणि प्रचंड आहे, आणि घोषणा देणाऱ्यांना त्यात रस नसणे स्वाभाविक आहे.

त्या कामाचा एक लहानसा नमुना देतो. अनुराधपूर जिल्ह्यात नोच्चियागम नावाचे गाव आहे. नोच्चि हा तमिळ शब्द, निर्गुडीसाठी; गम सिंहली. तिथून दक्षिणेला कुरुणेगल जिल्ह्यात निकवेरटिय आहे. निक हा सिंहली शब्द, तोही निर्गुडीसाठीच. दोन्ही गावांतली वस्ती मुख्यतः सिंहली, दोन्हीकडे पाण्याचा ताण सारखा, आणि ओढ्याकाठी जांभळ्या तुऱ्यांचे तेच झुडूप, ज्याचा पाला आपल्याकडे बाळंतिणीच्या शेकासाठी उकळतात आणि तिथले वैद्य सांधेदुखीवर देतात. नोच्चियागमच्या सिंहली शेतकऱ्याला आपल्या गावाच्या नावाचा पहिला अर्धा भाग तमिळ आहे म्हणून कधी झोप लागली नाही, असे दिसत नाही. अनुराधपूर-पुत्तलम रस्त्यावरच्या बसच्या पाटीवर ते नाव आजही तसेच, तिन्ही लिप्यांत लिहिलेले असते.